वापरलेला कॅमेरा विकल्यानंतर खरेदीदार पूर्ण रक्कम परत मागतो आहे : काय करावे?

कोपरखैरणेकर

नमस्कार. माझा वापरलेला डीएसएलआर कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स आणि नंतर स्वतंत्रपणे घेतलेली ५५-२५० ची लेन्स असा संच मी जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर जाहिरात देऊन जुलैच्या आरंभी ४२,००० रुपयांना विकला. खरेदीदार ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतात. ते ट्रान्स-हार्बरच्या गाडीने वाशीला आले, स्थानकाबाहेर आमची भेट झाली, त्यांनी दोन्ही लेन्स लावून काही छायाचित्रे काढली आणि समाधान झाल्यावर यूपीआयने रक्कम दिली. ही रक्कम त्यांच्या नव्हे, तर त्यांच्या मेहुण्यांच्या खात्यातून आली. तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही.

दोन आठवडे उलटल्यावर त्यांचा संदेश आला. त्यांच्या म्हणण्यानुसार मोठ्या लेन्समध्ये बुरशी (फंगस) आहे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधूनच ‘लेन्सशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाची सूचना येऊन छायाचित्र निघत नाही. पुरावा म्हणून त्यांनी मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र पाठवले आहे. त्यात काळसर ठिपके दिसतात. पूर्ण ४२,००० रुपये आणि शिवाय टॅक्सीचे भाडे अशी त्यांची मागणी आहे. रक्कम आधी द्यावी, कॅमेरा नंतर कुरिअरने पाठवू, असे ते म्हणतात, आणि परताव्यासाठी त्यांनी एक तिसराच यूपीआय पत्ता दिला आहे. तसे न केल्यास ग्राहक आयोगात जाऊ आणि १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवून तुमचे बँक खाते गोठवू, असेही त्यांनी लिहिले आहे.

माझ्या जाहिरातीतील मजकूर असा होता (शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याने आजवर टिपलेल्या छायाचित्रांची संख्या) : ‘एकहाती वापर. शटर काउंट सुमारे २२,०००. दोन्ही लेन्स स्वच्छ, फंगस नाही. वस्तू जशी आहे तशी विकली जाईल, नंतर तक्रार चालणार नाही.’ हे शेवटचे वाक्य मला कितपत संरक्षण देते, आणि रक्कम परत करण्यास मी बांधील आहे काय?

दिवाणी_बाजू

मी ठाण्याच्या न्यायालयात वकिली करतो. तरीही हे आपल्या कागदपत्रांवर आधारलेले मत नव्हे, केवळ आपण सांगितलेल्या हकिगतीवरचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

दोन धमक्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांनीच आपली झोप उडवलेली दिसते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ई-कॉमर्स नियम, २०२० यांचा रोख व्यवसाय म्हणून विक्री करणाऱ्यांवर आहे. एखादी व्यक्ती नियमित वा पद्धतशीर व्यापाराचा भाग नसलेली गोष्ट वैयक्तिक नात्याने करत असेल, तर तिला हे नियम लागू होत नाहीत, असे नियमांतच म्हटले आहे. घरातला एक कॅमेरा विकणारा मनुष्य दुकानदार ठरत नाही. आपण दर महिन्याला चार कॅमेरे विकत असाल, तर मात्र माझे उत्तर वेगळे राहील. १९३० हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. योगायोग असा की, आपल्या वादाला जो कायदा खरोखर लागू होतो तो मालविक्री अधिनियमही १९३० सालचाच आहे; आपला तंटा त्या सालाचा आहे, त्या क्रमांकाचा नाही.

आता त्या कायद्याकडे वळतो. कलम १६ चा सर्वसाधारण नियम विक्रेत्याच्या बाजूचा आहे : वस्तूच्या दर्जाबद्दल कोणतीही अध्याहृत (न बोलता गृहीत धरलेली) हमी नसते, खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे. माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा ही अट त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यालाच लागू होते. एवढे वाचून पुष्कळ विक्रेते निश्चिंत होतात आणि कलम १५ वाचायचे राहून जाते. वर्णनावरून वस्तू विकली असेल, तर ती वर्णनाशी जुळलीच पाहिजे, आणि ही अट व्यापारी व घरगुती विक्रेता असा भेद करत नाही. ‘फंगस नाही’ हे वर्णन आहे. ‘जशी आहे तशी’ हे वाक्य ज्या गोष्टींबद्दल आपण काही बोललाच नाहीत, त्यांच्यापुरते उपयोगी पडेल. एका ओळीत ठाम विधान करायचे आणि पुढच्या ओळीत त्याची जबाबदारी झटकायची, हे न्यायालयाला सहसा पटत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने दोन तक्रारींचे वजन सारखे नाही. संपर्काच्या सूचनेबद्दल आपण काहीच कबूल केलेले नव्हते आणि भेटीच्या वेळी कॅमेरा चालत होता, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. बुरशीबद्दल मात्र आपला शब्द लिखित आहे. त्यातही, वस्तू स्वीकारून वाजवी मुदतीत ती नाकारल्याचे कळवले नसेल, तर खरेदीदाराला सामान्यतः संपूर्ण सौदा मोडता येत नाही. त्याला दोषामुळे कमी झालेली किंमत तेवढी मागता येते (कलम १३, ४२ आणि ५९ एकत्र वाचावीत). दोन आठवडे हा काळ वाजवी की अवाजवी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा सिद्ध होण्यासाठी आरंभापासून अप्रामाणिक हेतू असावा लागतो. आपल्या हकिगतीत तो मला दिसत नाही. मात्र ‘तक्रार करीन’ एवढे म्हटल्याने त्यांनीही खंडणी मागितली असे होत नाही. तसा उलट आरोप संदेशांमध्ये करू नका.

नौपाडा_लेन्स

कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करण्याचे माझे काम आहे. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी काचेबद्दल सांगतो.

आकाशाचे जे छायाचित्र त्यांनी पुरावा म्हणून पाठवले, ते बहुधा बुरशीचा पुरावा नाहीच. लहान अपर्चरवर (अपर्चर म्हणजे लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र), म्हणजे एफ १६ च्या आसपास, आकाशाच्या छायाचित्रात जे काळसर गोल ठिपके दिसतात, ती बहुतेक वेळा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावर, बसलेली धूळ असते. त्यांना सांगा की तेच दृश्य त्याच अपर्चरवर दुसरी लेन्स लावून टिपावे. ठिपके त्याच जागी आले तर दोष लेन्सचा नाही, आणि सेन्सर स्वच्छ करणे हे किरकोळ काम आहे. लेन्समधील बुरशी अशी ठिपक्यांनी दिसत नाही. छायाचित्राचा कॉन्ट्रास्ट उतरतो, आणि प्रकाश समोरून येत असेल तर चित्रावर धुरकट पडदा पसरतो.

बुरशी पाहायची असेल तर लेन्स कॅमेऱ्यापासून काढून अपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा मारावा आणि पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेपासून आत येताना दिसले, तर ती बुरशी. नुसते सुटे कण दिसले तर ती धूळ, आणि ती प्रत्येक जुन्या लेन्समध्ये थोडीफार असतेच; तिच्यावरून भांडू नये.

आता आपल्याला कदाचित न आवडणारी गोष्ट. जाळे जर स्पष्ट दिसत असेल, तर ते दोन आठवड्यांत तयार झाले असे मी तरी म्हणणार नाही. खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर आर्द्रता इतकी असते की कापडी पिशवीत, बंद कपाटात ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यात खराब होऊ शकते. पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. बुरशी जुनी असेल तर तिच्यातून निघणाऱ्या आम्लाने काचेवरचा लेप खरवडला जातो आणि साफ केल्यावरही खुणा राहतात. म्हणून कारागिराने लेन्स उघडून साफ केली आणि खाली काच निर्मळ निघाली, तर लागण ताजी असण्याची शक्यता अधिक. लेपावर नक्षी उमटलेली असेल, तर ती आपल्याकडची आहे असे समजून चाला.

संपर्काच्या सूचनेबद्दल फार काळजी नको. लेन्सच्या मागच्या कडेला जे सोनेरी कॉन्टॅक्ट असतात, त्यांवर बोटांचा तेलकटपणा वा घाम बसला की ही सूचना येते. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते पुसले की पुष्कळदा काम होते. पॉलिश पेपर घासू नका म्हणावे. तसे करून सोन्याचा मुलामा काढून टाकणारे गिऱ्हाईक माझ्याकडे येतात. सूचना एकाच लेन्सवर येते की दोन्हींवर, हेही विचारा. एकीवरच येत असेल तर कॅमेऱ्याची बॉडी निर्दोष आहे.

सानपाडा_वाचक

इथले बहुतेक प्रतिसाद विक्रेत्याच्या खुर्चीवरून लिहिलेले दिसतात, म्हणून थोडे दुसऱ्या खुर्चीवरून. वाशी स्थानकाबाहेर संध्याकाळच्या गर्दीत, पावसाची भुरभुर चालू असताना, लेन्स काढून मागून टॉर्च मारणारा खरेदीदार किती जणांनी पाहिला आहे? ‘तेव्हा पारखून का घेतले नाही’ हे विचारणे सोपे आहे. पारखण्यासारखी जागाच दिली गेली होती का, हाही प्रश्न आहे. जागा विक्रेत्याने निवडली असेल, तर पाहणीच्या मुद्द्यावर त्यांची बाजू लंगडी पडते.

दुसरे असे की, ‘फंगस नाही’ हे जाहिरातीत लिहिण्यापूर्वी लेन्स शेवटची केव्हा पाहिली होती, ते प्रश्नकर्त्यांनी सांगितलेले नाही. खरेदीदाराने संदेशांत याबद्दल वेगळे काही विचारले होते काय? टॅक्सीचे भाडे आणि तिसरा यूपीआय पत्ता यांमुळे ते लबाड वाटतात, हे मान्य. पण वैतागलेला माणूसही असेच लिहितो.

कोपरखैरणेकर

प्रश्न रास्त आहेत. भेटीची जागा त्यांनी सुचवली होती, कारण त्यांना पुढे पनवेलला जायचे होते. संदेश पुन्हा वाचून पाहिले. सौद्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ‘लेन्समध्ये फंगस वगैरे नाही ना?’ असे विचारले होते आणि मी ‘नाही, दोन्ही क्लीन आहेत’ असे उत्तर दिले होते. लेन्स मी नुसत्या डोळ्यांनी पुढून-मागून पाहिल्या होत्या, त्यांत काही दिसले नव्हते. मोठी लेन्स गेल्या वर्षभरात फारशी बाहेर निघालेली नव्हती, ती कॅमेऱ्याच्या पिशवीतच होती. श्री. नौपाडा यांच्या सूचनेप्रमाणे मी त्यांना दुसरी लेन्स लावून आकाशाचे छायाचित्र काढण्यास सांगितले. ठिपके त्याच जागी आले आहेत. संपर्काची सूचना फक्त मोठ्या लेन्सवर येते. टॉर्च मारून घेतलेले छायाचित्रही त्यांनी पाठवले; त्यात एका कडेला धागे दिसतात.

दिवाणी_बाजू

मग वादाचा आकार बराच लहान झाला. बॉडी आणि छोटी लेन्स यांबद्दल तक्रार उरत नाही. सेन्सरवरची धूळ हा जुन्या कॅमेऱ्याचा दोष मानला जात नाही. उरली मोठी लेन्स, आणि तिच्याबद्दल जाहिरातीखेरीज स्वतंत्र प्रश्नालाही आपण लेखी उत्तर दिलेले आहे. ते आपण प्रामाणिकपणे दिले यावर माझा विश्वास आहे आणि त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. परंतु वर्णनाची अट हेतूवर अवलंबून नसते. आपल्या जागी मी असतो, तर तेवढ्या लेन्सपुरता तोडगा स्वतःहून पुढे केला असता : लेन्स परत घेऊन तिची किंमत द्यावी, अथवा लेन्स त्यांच्याकडेच ठेवून साफसफाईचा खर्च व किमतीतील घट द्यावी. संपूर्ण सौदा मोडण्यास आणि टॅक्सीच्या भाड्यास मी नकार दिला असता, तोही सौम्य शब्दांत, कारणासह आणि लेखी.

ते ऐकत नसतील, तर न्यायालयापूर्वी आणखी एक पायरी आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा दाखल होण्यापूर्वीचे) प्रकरण म्हणून अर्ज करून हा वाद लोकअदालतीत ठेवता येतो. तेथे न्यायालय शुल्क लागत नाही. आपण दोघेही ठाणे जिल्ह्यातच राहता, त्यामुळे कोठे जायचे हा प्रश्नही येत नाही.

ऐरोली_शाखा

बँकेत अनेक वर्षे नोकरी केली आहे, म्हणून केवळ पैशाच्या वाटेबद्दल लिहितो. माझ्या मते या प्रकरणातला खरा धोका बुरशीत नसून तिथे आहे.

जी रक्कम ज्या खात्यातून आली, ती त्याच खात्यात परत गेली पाहिजे. आपल्याकडे पैसे आले मेहुण्यांकडून, आणि परत मागितले जात आहेत तिसऱ्याच पत्त्यावर. समजा आपण त्या तिसऱ्या पत्त्यावर पैसे पाठवले आणि उद्या मेहुण्यांनी ‘माझ्या खात्यातून फसवून रक्कम काढली गेली’ अशी तक्रार १९३० वर नोंदवली, तर नोंदीत काय दिसेल? त्यांच्या खात्यातून आपल्या खात्यात आलेले ४२,००० रुपये, आणि त्यांना परत गेलेला एकही रुपया नाही. आपण दिलेला परतावा हा तिसऱ्या माणसाला केलेला वेगळा व्यवहार ठरेल. अशा तक्रारीवर बँका वादग्रस्त रकमेवर रोख लावतात, कधीकधी संपूर्ण खातेच थांबते, आणि तो रोख उठवण्यासाठी ज्या पोलीस ठाण्याने तो लावला, त्याच्याशी पत्रव्यवहार करत बसावे लागते. हे खरेदीदार तसे करतील असे मी म्हणत नाही. पण कोणीही करू शकेल अशी फट ठेवू नये.

परतावा पाठवताना त्यांनी दिलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका. आपल्या व्यवहारांच्या यादीतील मूळ नोंद उघडून त्याच खात्यावर रक्कम पाठवा, शेऱ्यात ‘५५-२५० लेन्स परतावा’ असे लिहा आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवा. यूपीआयने एकदा गेलेली रक्कम आपल्या इच्छेने मागे फिरवता येत नाही, म्हणून वस्तू आधी हातात येऊ द्या. कुरिअरने मुळीच नको. दोघेही लोकलच्या अंतरावर राहत असताना बंद खोक्यावर भरवसा का ठेवायचा, हे मला कळत नाही.

नौपाडा_लेन्स

यात एक भर. वस्तू परत घेताना तीच वस्तू परत येते आहे, हे पाहा. बॉडीवर आणि लेन्सवर वेगवेगळे अनुक्रमांक कोरलेले असतात. खोके किंवा बिल हाती नसले तरी घाबरू नका. आपण त्या कॅमेऱ्याने काढलेल्या जुन्या छायाचित्रांच्या एक्झिफ माहितीत (छायाचित्राच्या फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या तपशिलात) बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा क्रमांक, आणि काहींत लेन्सचाही, नोंदलेला असतो. लेन्सचा क्रमांक तिथे न सापडल्यास जाहिरातीतील छायाचित्रे मोठी करून पाहा, माउंटजवळचे (लेन्स बॉडीला बसते त्या कड्याजवळचे) आकडे कधीकधी टिपले गेलेले असतात. आणि जाहिरात अजून संकेतस्थळावर दिसत असेल तर आजच तिची प्रत जपून ठेवा, वस्तू विकली गेल्याची नोंद झाल्यावर अशी पाने काही काळाने नाहीशी होतात.

दिवाणी_बाजू

संदेशांचीही प्रत जपून ठेवा. केवळ स्क्रीनशॉट नकोत, संपूर्ण संभाषण निर्यात करून ठेवा आणि मूळ फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण आपल्याकडे असले की ते देणे सोपे जाते.

कोपरखैरणेकर

सर्वांचे आभार. आज दूरध्वनीवर बोलणे झाले आणि लिखित संदेशांपेक्षा ते बरेच सुरळीत झाले. कॅमेरा व छोटी लेन्स त्यांच्याकडे राहील. मोठी लेन्स एका तटस्थ कारागिराकडे दोघांच्या देखत उघडून पाहायची. धाग्यांखाली लेपावर खुणा निघाल्या तर मी लेन्स परत घेऊन ९,००० रुपये द्यायचे, आणि काच निर्मळ निघाली तर साफसफाईचा खर्च निम्मा-निम्मा वाटून लेन्स त्यांनीच ठेवायची, असे ठरले. जागा ठाण्यातली ठेवली आहे. टॅक्सीच्या भाड्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिसऱ्या पत्त्याबद्दल विचारले, तेव्हा तो त्यांच्या पत्नीचा असल्याचे ते म्हणाले. रक्कम मेहुण्यांच्याच खात्यात जाईल, हे मी स्पष्ट केले आणि त्यांनी मान्य केले. पावतीवर काय लिहावे, एवढे सांगावे.

दिवाणी_बाजू

थोडक्यात आणि साध्या भाषेत लिहा. मूळ सौद्याची तारीख, एकूण रक्कम, बॉडी व दोन्ही लेन्स यांचे अनुक्रमांक, कारागिराने दोघांसमोर काय पाहिले त्याचे एक वाक्य, त्यानुसार काय ठरले, किती रक्कम कोणत्या खात्यात आणि कोणत्या संदर्भ क्रमांकाने दिली. त्याखाली : ‘या व्यवहाराबाबत उभयतांची एकमेकांविरुद्ध कोणतीही मागणी शिल्लक नाही आणि याबाबत कोणतीही तक्रार केली जाणार नाही, केलेली असल्यास ती मागे घेण्यात येईल.’ ‘चूक मान्य करून’ किंवा ‘दोषपूर्ण वस्तू विकल्यामुळे’ असे शब्द घालू नका. ‘वाद सामोपचाराने मिटवण्यासाठी’ एवढे पुरेसे आहे. रक्कम ५,००० रुपयांपेक्षा अधिक द्यावी लागली, तर पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. कारागिराची सही साक्षीदार म्हणून चालेल. सही मात्र खरेदीदाराबरोबर मेहुण्यांचीही हवी, कारण पैसे त्यांच्या खात्यातून निघाले होते. ते त्या दिवशी येऊ शकत नसतील, तर ‘परतावा माझ्या खात्यात मिळाला, माझी काही तक्रार नाही’ असा त्यांचा संदेश त्यांच्या स्वतःच्या क्रमांकावरून येईपर्यंत प्रकरण मिटले असे धरू नका.